नवा स्टिरिओ, उतरलेली बॅटरी आणि हिरवी पडलेली तार

गाडीत बाहेरून काही बसवून घेतलं आणि त्यानंतर बॅटरी उतरायला लागली, दिवे भलतेच लागायला लागले, की माणूस पार गोंधळून जातो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं दुकानवाल्याकडे जा. दुकानवाला म्हणतो गाडीतच दोष आहे. मे महिन्यापासून गणपतीपर्यंत मी या दोघांच्या मध्ये अडकले होते. आता गाडी बरी आहे, म्हणून जसं घडलं तसं ओळीने लिहून ठेवते. देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुठेही समुद्राच्या वाऱ्यावर गाडी उभी करत असाल तर यातलं बरंच तुम्हाला लागू पडेल.

आमच्या घराकडे येणारी वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. गाडी वळवायला जागाच नाही, रिव्हर्स घेतच बाहेर पडावं लागतं. शिवाय आईला दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं असतं, तेव्हा फोंडाघाटात नकाशा डोळ्यासमोर असलेला बरा. म्हणून २२ मे रोजी मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. स्टिरिओ ९,५०० रुपये, कॅमेरा १,२००, मजुरी ८००. दुपारभरात काम झालं. चावी काढली तरी पडदा चालूच राहायचा. दुकानातल्या मुलाने ती सोय म्हणून सांगितली होती: "मॅडम, गाडी बंद करून पण गाणी ऐकता येतील. नको तेव्हा बटण दाबून बंद करा." मी रोज उतरताना बटण दाबून पडदा बंद करत होते.

मेअखेरपर्यंत काही झालं नाही. रोज ऑफिसला गाडी जायची, सुट्टीत पाहुण्यांना घेऊन कुणकेश्वर, विजयदुर्ग फेऱ्या व्हायच्या. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि एका शनिवार-रविवारी गाडी जागची हलली नाही. सोमवारी सकाळी रिमोट दाबला तर लॉकचा आवाज नेहमीसारखा आला नाही, कसाबसा उघडला. चावी फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि पुढून नुसतं टक्-टक्-टक्. शेजाऱ्यांच्या टेम्पोवरून केबल लावून गाडी चालू केली.

केबल लावायचा क्रम इथेच सांगून टाकते, कारण घाईत तो उलटा होतो. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ते बॅटरीवर लावायचं नाही.

त्यानंतर हे वारंवार व्हायला लागलं. रोज चालवली तर गाडी चालू व्हायची, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली. जूनच्या अखेरीस त्यात दुसरं दुखणं आलं. जोरात पाऊस झाल्यावर ब्रेक दाबला की स्टिरिओचा पडदा आपोआप कॅमेऱ्यावर जायचा आणि काळा पडून 'सिग्नल नाही' असं दाखवायचा. ब्रेक सोडला की नकाशा परत. एकदा आमच्या मागून येणाऱ्या ओळखीच्या रिक्षावाल्या दादांनी तिठ्यावर थांबवून सांगितलं, "ताई, तुमचो डावो ब्रेकलाइट नीट लागणा नाय. आणि ब्रेक मारलास की डाव्या बाजूक सगळेच दिवे मंद मंद लागतत." हे ऐकून मात्र मी घाबरले. बॅटरी उतरली तर माणूस घरी राहतो. फोंडाघाटात धुक्यात ब्रेकलाइट नाही म्हणजे मागचा ट्रक थेट अंगावर.

गाडी वॉरंटीत होती, म्हणून आधी सर्व्हिस सेंटर गाठलं. अपॉइंटमेंट मिळायला आठवडा गेला, कारण पावसाळ्यात सगळ्यांचीच गर्दी. जॉबकार्ड करताना ॲडव्हायझरने डॅशबोर्ड बघितला आणि आमचं बोलणं व्हायच्या आधीच लिहिलं: 'बाहेरून बसवलेली ॲक्सेसरी आढळली.' इलेक्ट्रिकल तपासणी वॉरंटीत धरता येणार नाही, ५०० रुपये आणि जीएसटी मिळून ५९० होतील, असं सांगितलं. संध्याकाळी निष्कर्ष आला की बॅटरी कमजोर आहे, बदलून घ्या, साधारण ४,८०० रुपये. ब्रेक आणि कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते स्टिरिओवाल्याला विचारा."

जॉबकार्डवर सही करण्याआधी दोन गोष्टी मी त्यांच्याकडून लिहून घेतल्या, आणि तुम्हीही घ्या. एक, तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत: 'दोन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरते, ब्रेक दाबल्यावर कॅमेरा लागतो.' दुसरी, कोणता भाग वॉरंटीतून वगळला ते नेमकं. आमच्या कार्डवर आधी मोघम 'इलेक्ट्रिकल' असं होतं. मी विचारल्यावर त्यांनी 'स्टिरिओ व त्याची जोडणी' असं दुरुस्त करून दिलं. उद्या अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) किंवा स्टार्टर गेला तर हा फरक हजारो रुपयांचा ठरतो.

स्टिरिओच्या दुकानाला फोन केला. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: आमच्याकडून रोज इतक्या गाड्या जातात, कुणाची तक्रार नाही, तुमच्या गाडीचं वायरिंग बघून घ्या. गाडी तिकडे न्यायची तर पुन्हा पूर्ण दिवस, आणि पाऊस थांबत नव्हता.

नवी बॅटरी घ्यायला मन तयार होईना. बॅटरीचं स्वतःचं वॉरंटी कार्ड होतं, ते घेऊन कणकवलीला बॅटरीच्या डीलरकडे गेले. हा फेरा करायलाच हवा होता असं मला आज वाटतं. त्यांनी मशीन लावून सांगितलं की बॅटरी चांगली आहे, फक्त रिकामी आहे. रात्रभर चार्जिंगला ठेवली, १५० रुपये घेतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून छापील स्लिप दिली. वॉरंटीत बदलून मिळणार नाही हेही समजावलं: उतरलेली बॅटरी म्हणजे उत्पादनातला दोष नव्हे. पण ती स्लिप हातात आल्यावर पहिल्यांदा हायसं वाटलं. बॅटरी निर्दोष आहे म्हणजे कुणीतरी ती खातंय, आणि खाणारा शोधता येतो. अशी स्लिप जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक ठिकाणी ती दाखवली की 'बॅटरी बदला' हा सल्ला तिथेच थांबतो.

शोधून दिलं ते आमच्या बंदरावरच्या एका वायरमन तात्यांनी. ते ट्रॉलरची वायरिंग करतात, गाड्यांची कामं ओळखीपाळखीत. पावसाळी मासेमारी बंद असते, त्यामुळे जूनजुलैत त्यांना वेळ होता. रविवारी सकाळी घरी आले, स्लिप वाचली आणि म्हणाले, "बॅटरी कित्याक बदलतंस गो बाय? तिका कोण खाता ता आधी बघूया." त्यांनी एक गोष्ट पहिल्याच पाच मिनिटांत स्पष्ट केली. मी ही दोन्ही दुखणी एकच समजत होते. त्यांनी ती वेगळी केली: बॅटरी गाडी उभी असताना उतरते, कॅमेऱ्याचा घोळ गाडी चालताना आणि पावसानंतर होतो. एकाचा शोध दुसऱ्यात मिसळायचा नाही.

आधी नुसते व्होल्ट मोजले. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी, काही तास विश्रांतीनंतर, १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली तर ती लगेच चार्ज करावी, तशीच पडून राहिली की कायमची खराब होते. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला पाहिजे. आमचा १४.२ आला, म्हणजे अल्टरनेटर ठीक. एवढं मोजायला मल्टिमीटर आणि दोन मिनिटं पुरतात. मी नंतर स्वतःचा मीटर घेतला, ६५० रुपयांचा.

मग खरी तपासणी. बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं आणि ते टर्मिनल व बॅटरीचा खांब यांच्या मधे मीटर लावायचा, लाल तार १० अँपिअरच्या भोकात. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातो. मीटर लागल्यावर चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दार उघडायचं नाही, कारण आतला दिवा आणि गाडीचा कॉम्प्युटर जागा होतो. म्हणून आधीच एक काच खाली घेऊन ठेवायची. बॉनेट उघडं असतं, त्याच्या लॅचमध्ये स्विच असेल तर तो पेचकसाने दाबून बंद करायचा.

मीटर जोडला त्या क्षणी, चावी माझ्या हातात असताना, स्टिरिओचा पडदा उजळला आणि अँड्रॉइड सुरू व्हायला लागलं. तात्या माझ्याकडे बघून नुसते हसले. मी खिडकीतून हात घालून बटणाने पडदा बंद केला. पुढे अर्धा तास थांबायचं होतं, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. सुरुवातीला आकडा दोन अँपिअरच्या वर होता, हळूहळू उतरत गेला आणि ०.३९ वर थांबला. तो ०.०५ च्या आत असायला हवा. तात्यांनी फ्यूजबॉक्समधला स्टिरिओचा फ्यूज उपटला. आकडा ०.०३.

हिशोब साधा आहे. ०.३९ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-तासांच्या वर. माझी बॅटरी ३५ ची. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी. मेमध्ये लांबच्या फेऱ्या होत्या म्हणून अल्टरनेटर भरून काढत होता, पावसात गाडी उभी राहिली आणि ते उघडं पडलं.

कारण स्टिरिओच्या मागे होतं. अशा स्टिरिओला दोन तारा असतात. पिवळी कायम डायरेक्ट असते, घड्याळ आणि सेटिंग जपायला. लाल तार चावीच्या लाइनवर असते, तीच स्टिरिओला सांगते की आता जाग, आता झोप. आमच्या दोन्ही तारा एकत्र पिळून डायरेक्टवर टेप लावली होती. त्यामुळे स्टिरिओला चावी काढल्याचं कधी कळतच नव्हतं. बटण दाबल्यावर फक्त पडद्याचा उजेड जायचा, आतला बोर्ड जागाच. तात्यांनी लाल तार सोडवून फ्यूजबॉक्समधल्या चार्जिंग सॉकेटच्या जागेवरून फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून जास्तीची तार काढून देणारा जोड) लावून घेतली, वेगळ्या लहान फ्यूजसह. आधी मीटरने खात्री केली की चावी काढल्यावर तिथे खरंच शून्य व्होल्ट होतात, कारण काही गाड्यांत तो सॉकेट कायम चालू असतो. फ्यूज-टॅप १२० रुपयांना मिळाला आणि मूळ तार कापावी लागली नाही. पुन्हा मोजलं: ०.०३. गाणी आता चावी असतानाच चालतात, आणि मला ते पुरतं.

जेवून दुसऱ्या कामाला लागलो. मागचा डावा दिवा उघडला आणि मला वाईटच वाटलं. कॅमेऱ्याची काळी तार दिव्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीकडे परत नेणाऱ्या, तारेवर निळ्या प्लास्टिकच्या क्लिपने जोडली होती. ही क्लिप दाबली की आतलं पातं इन्सुलेशन कापून तांब्याला भिडतं. बसवायला क्षणभर लागतो, म्हणून सगळे वापरतात. पण तिथे तार अर्धवट कापली जाते आणि ती जखम उघडीच राहते. आमच्या हवेत मीठ आहे. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. त्या क्लिपमध्ये तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. क्लिप काढताना तार हातातच तुटली.

आता ब्रेक दाबल्यावर कॅमेरा का लागायचा ते. एका बाजूच्या मागच्या सगळ्या बल्बना, म्हणजे ब्रेक, पार्किंग, सिग्नल, रिव्हर्स, बहुतेक गाड्यांत अर्थची एकच तार असते. ती तुटली की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला बॉडीकडे जायला सरळ वाट राहत नाही. तात्यांच्या भाषेत: "अर्थ तुटलो की करंट गावात त्या वाटेन घराक जाता," म्हणजे मिळेल त्या वाटेने. तो शेजारच्या बल्बमधून उलटा वर चढतो आणि दुसरीकडच्या दिव्यांतून अर्थ शोधतो. म्हणून सगळेच दिवे मंद लागतात आणि ब्रेकलाइट कमी पडतो. आमच्या गाडीला रिव्हर्सचा दिवा एकच आहे, डावीकडे. त्याच्या तारेवर उलटे पाचेक व्होल्ट यायचे. स्टिरिओला रिव्हर्स पडल्याचा इशारा त्याच तारेवरून जातो, म्हणून तो पडदा बदलायचा. कॅमेऱ्याला मात्र चालायला तेवढे व्होल्ट पुरत नव्हते, म्हणून 'सिग्नल नाही'. इतके दिवस भुताटकीसारखं वाटणारं सगळं एका तारेत उलगडलं, आणि ते समजल्याचा आनंद मला दुरुस्तीइतकाच झाला.

तुमच्याकडे असा संशय असेल तर तार उघडण्याआधी एक चाचणी करा. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं दिव्याच्या अर्थच्या पिनला (लांब तार लागेल), आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. अर्थ चांगला असेल तर आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहतो. आमचा पाचच्या वर होता. ही चाचणी कोरड्या दिवशी ठीक येऊ शकते, म्हणून पावसानंतरच करा.

दुरुस्तीसाठी तात्यांनी खराब तार काळा-हिरवा भाग संपेपर्यंत मागे कापली आणि चकचकीत तांबं दिसल्यावरच नवा तुकडा जोडला. तुकडा त्यांच्याकडचा, कल्हई केलेल्या तांब्याचा, बोटीत वापरतात तो. त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी. कॅमेऱ्याची अर्थ वेगळी करून डिकीतल्या बोल्टला थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावून दिली. बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा केला, दातेरी वायसर घातला, आवळला आणि वरून व्हॅसलिन चोपडलं. व्हॅसलिन आवळल्यानंतर, आधी नाही. इन्सुलेशन टेपवर त्यांचा विश्वास नाही: उन्हात गोंद वितळतो आणि पावसात टेपच पाणी धरून ठेवते. अर्थची चाचणी पुन्हा केली, ०.०६ व्होल्ट. साहित्यासह त्यांनी १,२०० रुपये घेतले. आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नव्हतंच, जाताना फणसही दिला.

एक सावधगिरी. कामात एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या आवरणातल्या तारांना अजिबात हात लावायचा नाही. मायनस काढल्याने घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुसली जाते, ती परत लावायची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस इतका होता की गाडी बरेच दिवस खळ्यातून निघालीच नाही. त्यानंतर मोजलं तर १२.५. आईची ऑगस्टची तपासणी गाडीनेच झाली. घाटात धुकं दाट होतं, पडद्यावर नकाशा होता, ब्रेक दाबला तरी नकाशाच राहिला.

राहिलं होतं विम्याचं. जॉबकार्डवरचा शेरा वाचून मला काळजी लागली होती, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी एजंटना भेटले. कंपनीबाहेरची विजेची ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर चोरीत किंवा अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत. ती 'आयएमटी २४' या कलमाखाली नोंदवता येते. माझ्याकडून किमतीच्या ४ टक्के घेतले: १०,७०० वर वर्षाचे ४२८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, पॉलिसीचे उरलेले महिने होते तेवढ्या प्रमाणात. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल लागलं, ज्यावर स्टिरिओचा सिरियल नंबर आहे. माझ्याकडे वहीतल्या कागदावरचं बिल होतं. दुकानाला व्हॉट्सॲपवर बॉक्सचा फोटो पाठवला, दोनदा आठवण करावी लागली, मग पक्कं बिल आलं. विम्याच्या सर्व्हेअरने गाडीचे फोटो घेतले आणि एंडॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीत नोंद झाल्याचा, कागद गणपतीच्या आठवड्यात हातात पडला. स्टिरिओ आतल्या आत जळला तर मात्र हा विमा कामाचा नाही, बिघाड त्यात येत नाही. बसवतानाच पक्कं बिल मागा, बॉक्स फेकू नका, आणि तारा कुठून घेतल्या त्याचे फोटो डॅशबोर्ड बंद करण्याआधी काढून घ्या.